बशांभोवतीचा कागद

पेटारा रूआँहून निघाला तेव्हा
कुणीतरी घाईघाईत
हाताला लागेल तो कागद चुरगळून
बशांच्या मधे कोंबला.

काप-फ्रांसेच्या धक्क्यावर
जकातदारांनी पुस्तकं चाळली,
खलाशांच्या बंड्या झटकल्या,
पाद्र्याची पेटीसुद्धा उपसली.
पॅरिसमधलं छापील काही
या बेटावर उतरता कामा नये.
बशांकडे कुणी पाहिलं नाही.
बशा मादाम दुव्हालोंच्या लेकीच्या लग्नाच्या,
निळ्या काठाच्या. चोवीस.

कणसाची सालं काढावीत तशी
उर्सुल एकेक बशी सोडवत होती,
कागद बाजूला, चुलीसाठी.
एकावर अक्षरं मोठी होती.
मोठी अक्षरं तिच्या ओळखीची:
पळालेल्या माणसाच्या जाहिरातीवर असतात,
उंची, व्रण, बक्षीस.
भावाच्या वेळी अशीच होती.

तिने झेफिरला हाक मारली.
तो धाकट्या मालकाचं दप्तर वाहायचा
आणि दाराआड उभ्या-उभ्या
चोरून वाचायला शिकला होता.
त्याने बोट ठेवलं.
“माणसं... जन्मतः... मोकळी असतात.”
“जन्मतः. आणि मग?”
“पुढे ओल लागलीय. थांब.
आणि मोकळीच राहतात.”

उर्सुल हसली नाही.
“माणसं म्हणजे कोण? बाप्ये?
का बाईमाणूस पण?”
कागद त्यावर काही बोलत नव्हता.

बोट खाली घसरत गेलं, तळाशी.
“मालमत्ता पवित्र आहे.”
“मालमत्ता म्हणजे?”
पोराने बशांकडे पाहिलं,
तबेल्यातल्या घोड्यांकडे,
मग तिच्याकडे,
मग स्वतःच्या पायांकडे.

एकाच कागदावर!
वर ते, खाली हे,
मधे पंधरा कलमं.

लिहिता लिहिता मी
‘हक्क’ हा शब्द उलटून पाहते.
आपल्याकडेही तो समुद्रापलीकडूनच आला,
अरबीत त्याचा अर्थ होता खरं.
आपण त्याला वतनाच्या कागदात बसवला,
पाटलाचा हक्क, देशमुखाचा हक्क, हक्कलाजिमा,
आणि ज्याच्याकडे वतन नव्हतं
त्याला खऱ्यातलं किती आलं
ते कुठल्या दप्तरात सापडत नाही.

इतिहासकार तारखा लावतात.
अमक्या कुरणात राजाने
मेंढीच्या कातड्यावर शिक्का उमटवला,
तमक्या सभागृहात इतके हात वर झाले.
लावोत बापडे,
तारखेशिवाय इतिहासाला झोप लागत नाही.
पण उर्सुल त्या दुपारी जे म्हणाली
ते कुठल्या तारखेखाली मांडायचं?

ती म्हणाली, “हे तर माझी आई सांगायची.
जहाजाच्या पोटात, अंधारात, आमच्या भाषेत.
थंडीतापाने दात वाजायचे तिचे, तरी सांगायची:
आईच्या पोटातून
कुणी साखळी घेऊन येत नाही.
यांना आत्ता कळलं होय?”

मग तिने कागद मधोमध फाडला.
वरच्या अर्ध्यावर इस्त्री फिरवली,
सुरकुत्या गेल्या, ओल गेली,
आणि घडी करून
डोक्याच्या रुमालात खोचला.
खालच्या अर्ध्याने विस्तव छान पेटला.

संध्याकाळी मादामने बशा मोजल्या.
पुन्हा मोजल्या.
तेवीस.
“फुटकीच आली एक,” उर्सुल म्हणाली,
“समुद्र खवळला असेल.”

रात्री, सगळं घर निजल्यावर,
चुलीमागे
निळ्या काठाच्या बशीत
तिने आणि झेफिरने
कसाव्याची भाकरी खाल्ली.
सावकाश.